दाताखालचा दाणा

भैय्यालालवर कोणीही डोळे झाकून विश्वास ठेवावा, पण त्यानं आपल्यावर ठेवावा अशी अपेक्षा करू नये. तीस वर्षं तो गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये धान तपासतो. पोत्यात टोकदार नळी खुपसायची, मूठभर धान बाहेर काढायचं, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि सांगायचं, चालेल की ओलं आहे. ओलावा मोजायचं मशीन आलं, तरी मालक आधी भैय्यालालच्या तोंडाकडेच बघतो.

ही सवय त्यानं मिलच्या फाटकाशी सोडून यावी की नाही? पण नाही. घरी लग्नपत्रिका आली तरी तो ती उलटून मागून बघतो. त्याची बायको सुलोचनाबाई सांगते, "मले पाहाले आले तवाच समजलं होतं मले. हा मानूस पोरगी पाहून नाही राहिला, नमुना काढून राहिला."

असा हा माणूस आमच्या खेळात आला, याचंच मला नवल वाटतं. आम्ही फुलचूरच्या बागेत सकाळी फिरणारे चौघे, सगळे पन्नाशी ओलांडलेले: भैय्यालाल, कामठ्याला ठेक्यानं शेती करणारा उदाराम, बँकेतून निवृत्त झालेले इंद्रकुमार आणि मी, किराणावाला. दोन वर्षांपूर्वी शाळेत खेळ शिकवणाऱ्या ओमेश सरांनी आम्हाला फुटबॅग नेट दाखवलं. बॅडमिंटनचीच जाळी, दोन्हीकडे दोन-दोन गडी, आणि मधे लिंबाएवढी कापडी पिशवी, जी फक्त पायानं उडवायची. तीन लाथांत ती जाळीपलीकडे गेली पाहिजे. पहिल्या दिवशी आम्ही हसून हसून खाली बसलो. महिनाभरात भांडायला लागलो, म्हणजे खेळ जमला.

पिशवी उदारामच्या बायकोनं, शकुंतलाबाईंनी, जुन्या जीन्सच्या कापडाची शिवली होती. आत तांदूळ. ती उदारामच्या घरीच असायची. उदाराम आणि भैय्यालाल एका बाजूला. उदाराम पिशवी अलगद वर उचलून द्यायचा आणि भैय्यालाल ती जाळीवरून अशी खाली मारायचा की मला वाकायलाही सवड मिळू नये. घरात, मिलमध्ये, नातेवाइकांत ज्याला पाठीमागे कोणी उभं राहिलेलं चालत नव्हतं, तो इथं उदारामकडे पाठ करून उभा राहायचा. ही जोडी म्हणजे भैय्यालालची खरी कमाई होती, असं मी म्हणेन.

दिवाळीच्या आधी ठरलं की रविवारी भंडाऱ्याची एक जोडी आमच्याशी सामना खेळायला येणार. आमच्याकडून अर्थातच हे दोघे खेळणार होते. आणि नेमका तेव्हाच भैय्यालालचा उजवा गुडघा दुखायला लागला.

मग त्याच्या डोक्यात किडा शिरला. मंगळवारी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "उदारामचे जोडे पाह्य."

जोडे ओले होते. पँटही घोट्यापर्यंत ओली.

"आता तर येऊन राहिला ना थो? मंग गवतात कवा फिरला? आपल्या आंधी येऊन कोनासंग तरी खेळून राहिला."

बुधवारी त्याला दिसलं की उदाराम आणि ओमेश सर झाडाखाली बोलत होते आणि तो जवळ जाताच गप्प झाले. गुरुवारी तो म्हणाला, पिशवी जड लागते आहे. शुक्रवारी तो काहीच म्हणाला नाही, आणि ते मला सगळ्यात वाईट लक्षण वाटलं. माझंही चुकलंच. मी आग लावली नाही, पण विझवलीही नाही. उलट मीसुद्धा उदारामच्या जोड्यांकडे बघायला लागलो. ओमेश सर पस्तिशीचे, गुडघे ठणठणीत, सामना जिंकायचा असेल तर कोण कोणाला घेईल, हे हिशेब मीही मनात करून पाहिले. शंका खरजेसारखी असते, खाजवणाऱ्याशेजारी बसलं तरी लागते.

त्यातून या दोघांत एक जुना सल होता. तीन वर्षांपूर्वी उदारामचं धान भैय्यालालनंच 'ओलं' म्हणून मिलच्या फाटकातून परत पाठवलं होतं. ओलं होतंच ते. उदाराम चार दिवस वाळवून पुन्हा घेऊन आला, एका शब्दानं बोलला नाही. पण तेव्हापासून तो भैय्यालालसमोर धानाचा विषय काढत नसे. मित्र राहिला, शेतकरी म्हणून गप्प झाला.

शनिवारी सकाळी उदाराम पिशवी बाकावर ठेवून जाळी बांधत होता. शकुंतलाबाई बागेला फेऱ्या घालत होत्या. ओमेश सर चुन्यानं रेषा आखत होते. भैय्यालालनं पिशवी उचलली, दाबली, खिशातून पोती उसवायचा चाकू काढला आणि मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत शिवण उसवलीसुद्धा. तळहातावर तांदूळ घेतले. त्यातला एक दाणा दाताखाली धरला.

कट्ट असा आवाज यायला हवा होता. आला नाही.

"ओला," तो म्हणाला. मग ओरडूनच म्हणाला, "ओला आहे! दोन सालाचा तांदूळ घरात ठेवून ओला होते का? दवात खेळून राहिले हे! मले काढून या मास्तरले घेतलं, तर तोंडावर सांगाचं होतं ना बे!"

उदारामच्या हातातली दोरी सुटली आणि जाळी एका बाजूनं खाली बसली. शकुंतलाबाई चालत जवळ आल्या. त्यांनी आधी गवतात सांडलेले तांदूळ पाहिले, मग भैय्यालालचं तोंड.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "नवा तांदूळ ओळखू नाही आला तुमाले?"

आमच्याकडे कितीतरी घरांत नवं धान आलं की पहिली मूठ देवापुढे ठेवतात, मगच घरचे खातात. उदारामचं हलकं, लवकर पिकणारं धान त्याच आठवड्यात कापायला आलं होतं. रोज पहाटे तो कामठ्याला बांधावर जाऊन यायचा, जोडे तिथल्या दवानं भिजायचे. बुधवारी शकुंतलाबाईंनी पहिल्या ओंब्या उखळात कांडल्या, मूठ देवापुढे ठेवली, आणि दोघांच्या सामन्याला शकुन म्हणून पिशवीतला जुना तांदूळ काढून त्यातलाच नवा भरून ती पुन्हा शिवली. हातकांडीचा तांदूळ, अजून पुरता न वाळलेला, वर लालसर कोंडा, वास असा की माझ्यासारख्या दुकानदारालाही कळावा. आणि तीस वर्षं नवं-जुनं एका दातानं सांगणाऱ्या माणसाला तो कळला नव्हता. तो दाणा चावायच्या आधीच त्यानं निकाल देऊन टाकला होता.

"आमी अजून घरी खाल्ला नाही," उदाराम म्हणाला. "पयला दाना तुह्याच तोंडात गेला."

ओमेश सरांना राहवलं नाही. "काका, मीच त्यांना विचारलं होतं, तुमचा गुडघा दुखतो तर मी खेळू का म्हणून. त्यांनी मला झाडाखालून हाकलून लावलं."

उदारामनं हात वर करून त्यांना थांबवलं. "आता खेळजा सर तुमीच. उद्या मी तुमच्यासंगच खेळतो." आणि जाळी तशीच टाकून तो निघून गेला. जे होऊ नये म्हणून भैय्यालालनं पिशवी फाडली, ते असं त्याच्याच हातानं झालं. मला त्याचा राग आला होता, पण तो गुडघा धरून खाली बसला आणि गवतातून एकेक दाणा वेचायला लागला, तेव्हा मीही त्याच्या शेजारी बसलो.

रविवारी भंडाऱ्याची जोडी आली. गर्दी बरी होती. भैय्यालाल येणार नाही असं मला वाटत होतं, पण तो आला, आणि त्यानं पिशवी उदारामपुढे धरली. मिलमधल्या दाभणानं, सुतळीचा एक पदर सोडवून त्यानं ती शिवली होती. टाके पोत्याला घालतात तसे, धोबड. उदारामनं ती घेतली. दाबून पाहिली नाही, उलटून पाहिली नाही, टाक्यांकडेही पाहिलं नाही. तसाच ओमेश सरांबरोबर खेळायला गेला.

ते हरले. थोडक्यात हरले. भैय्यालाल पूर्ण वेळ बाकावर ताठ बसून होता.

सामना संपल्यावर उदाराम घाम पुसत त्याच्याजवळ आला. "मंगळवारी माहं धान मिलवर येऊन राहिलं."

"मी नाही पाहात," भैय्यालाल खाली बघत म्हणाला. "दुसऱ्याले सांगतो पाहाले."

"काऊन? तूच पाहाचं. पोतं ना पोतं पाह्य, ओलं दिसलं तर वापस कर." उदारामनं पिशवी त्याच्या मांडीवर टाकली. "तिथं पाह्य. इथं नोको पाहू."