गच्चीवरचं खारं पाणी

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच असाल तर आधी चहा संपवा, उगाच ठसका लागेल!

मी इंजिनीअरिंग कॉलेजात प्राध्यापक. पीएचडीचा विषय काय, तर समुद्राच्या पाण्यात काँक्रीट कसं टिकेल. आणि राहतो कुठे? नागपुरात! मग काय, प्रताप नगरच्या घराच्या गच्चीवर चार टब मांडले, भरपूर मीठ कालवलं आणि सळई घातलेले काँक्रीटचे ठोकळे बुडवले. पाणी दर आठवड्याला बदलायचं.

जुनं पाणी फेकायचं? नागपूरच्या उन्हाळ्यात? अहो, संध्याकाळी गच्चीवर पाणी मारल्याशिवाय इथे खाली झोप लागते का? मी तेच पाणी मारायचो. पाण्याची बचत, शिवाय घर थंड! स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होतो.

असे चार-पाच उन्हाळे गेले. एके दुपारी बेडरूमच्या छताचा ढलपा धप्पकन पलंगावर!

"अहो, सळई दिसून राहिली! पुरी गंजली!" बायको ओरडली.

मी तपासलं का? छे! विद्वान माणूस तपासत नाही, थेट निकाल देतो. घर बांधणाऱ्या दिवाकरभाऊंनी खारी रेती वापरली, असं गल्लीभर सांगून मोकळा झालो. ते ऐकून गल्लीतल्या दोघांनी त्यांना दिलेली कामंही काढून घेतली.

दिवाकरभाऊ आले. सत्तरीचा माणूस, चेहरा पार उतरलेला.

"सर, मले काहून बदनाम करून राहिले? रेती कन्हान नदीची होती."

"मग सळई कशी गंजली? हे मिठाचंच काम. मी यावर प्रबंध लिहितोय!"

त्यांनी ढलप्याचा तुकडा सरळ जिभेवर ठेवला. "खारट तं हाये. वर काय हाये, सर?"

वर गेलो. मागोमाग अर्धी गल्ली. भाऊंनी टबात बोट बुडवून चाखलं.

"हे पाणी कुठं टाकता?"

बायकोने कौतुकाने सांगितलं, "इथंच मारतात नं, भाऊ. घर थंड राहते म्हणतात!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊंचे पाय धरले, घरोघर जाऊन चूक कबूल केली. कामं परत मिळाली, पण भाऊंचं समाधान होईना.

"गल्लीत सांगितलं, तसं तुमची परीक्षा घेणाऱ्या साहेबांसमोरही सांगा."

पीएचडीच्या तोंडी परीक्षेला भाऊ इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत हजर. परीक्षकांनी प्रबंधातला गंजक्या छताचा फोटो उचलून धरला.

"वा! काय अस्सल नमुना आहे! कुठल्या बंदरावरचा?"

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी 'सांगा' अशी मान डोलावली.

"आमची बेडरूम, सर," मी म्हणालो. "बांधकाम या भाऊंचं, उत्तम. नासधूस संशोधकाची."