अंजनाबाईचा वाल

ही गोष्ट मी सात वर्षांपूर्वीच सांगायला हवी होती.

समता कॉलनीत माझ्या खोलीला लागून अंजनाबाईचं घर होतं आणि घरामागे चार खाटा मावतील एवढी जागा. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. भोपाळहून आलेले साहेब लोक भाड्याची घरं शोधत फिरत होते आणि ज्याला त्याला अंगणात एक जास्तीची खोली काढायची घाई झाली होती. अंजनाबाईच्या अंगणात मात्र भाजीच होती. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला की पानांवर काळी भुकटी बसायची. मग ही बाई तांब्या घेऊन टमाट्याचं एकेक पान लेकराचं तोंड धुवावं तसं धुवायची.

तिचे यजमान रेल्वेत फिटर होते. नागभीड, गोंदिया, डोंगरगड, रायपूर अशा बदल्या झाल्या आणि प्रत्येक क्वार्टरमागे तिनं आधी एकच वेल लावला, भंडाऱ्याकडच्या माहेरचा वाल. इकडे त्याला सेमी म्हणतात. तिच्या वालाला जांभळी फुलं यायची. फाल्गुनात शेंगा वेलावरच कडकडीत वाळू द्यायच्या, बी राखेत घोळून डब्यात भरायचं आणि आषाढात सगळं पेरून टाकायचं. आई गेली, यजमान गेले, माहेरचं घर विकलं गेलं. उरला होता तो वाल.

मी जुना नट. चाळीस वर्षं रंगभूमीवर राजेच केले, म्हणून तिनं माझं नाव 'राजे' ठेवलं होतं. एकट्या माणसाला रोज भाजीची वाटी पोचवताना ती म्हणायची, "घ्या, राजे. खजिन्यात काही नसंल आज."

त्या फाल्गुनात ती मुलीच्या बाळंतपणासाठी राजनांदगावला निघाली. मुलगा कारखान्यात पाळीवर, सून अपर्णा माहेरी. बाग तिनं माझ्यावर सोपवली.

"निश्चिंत जा, अंजनाबाई! आम्ही असताना एका पानालाही धक्का लागणार नाही!"

"डायलॉग नका मारू, ऐका. काकडीले सकाळीच पाणी घाला. भेंडीचं बी भिजत घातलं हाये, उद्या लावा. मेथी फुलावर आली, उपटा. अन् तो वाळून राहिला ना वेल, तो मी आल्यावर काढून टाकीन."

"हव, हव!" मी म्हणालो.

नटाला समोरच्याचं अख्खं वाक्य ऐकायची सवय नसते. त्याची शेवटची अक्षरं कानावर पडली की आपलं भाषण सुरू. माझ्या कानावर पडलं ते 'वेल' आणि 'काढून टाक'.

आठ दिवस मी मन लावून काम केलं. काकडीला दोन-दोन पानं फुटली, भेंडी वर आली. होळीच्या आदल्या दिवशी गल्लीतले लोक लाकूडफाटा मागायला आले. मी ऐटीत मांडवावरचा तो वाळका वेल शेंगांसकट ओढून काढला आणि दोन्ही हातांनी त्यांच्या स्वाधीन केला. दिलदार माणूस ना मी! अंजनाबाई बौद्ध, होळीशी तिचं देणंघेणं नव्हतं, हेही माझ्या ध्यानात आलं नाही.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. आधी नात झाल्याचं सांगितलं, मग विचारलं, "शेंगा तडकून नाही ना राहिल्या, राजे? बी सांडंल."

"छे! मीच काढून ठेवलंय बी," मी म्हणालो. माझा आवाज जराही हलला नाही.

मग बाजारात जाऊन वालाचं बी आणलं, राखेत घोळलं आणि तिचा डबा भरला. ती आली, डबा उघडला, चार दाणे तळहातावर घेऊन अंगठ्यानं राख पुसली. दाणे तांबूस होते. तिचे काळे असायचे, हे मला नंतर कळलं. एकेक दाणा उलटून पाहिला. मग "बरं," म्हणाली आणि झाकण लावलं.

आषाढात तिनं ते पेरले. कार्तिकात फुलं आली, पांढरी.

"मम्मी, इस बार फूल सफ़ेद कैसे?" अपर्णानं विचारलं. मी तिथेच चहा पीत बसलो होतो.

"नळाचं पाणी बदललं ना, बाई," अंजनाबाई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "राजे, साखर कमी तर नाही झाली?"

मी "नाही" म्हणालो. तेव्हाच बोलायला हवं होतं. चाळीस वर्षं भर सभेत गर्जना केलेला माणूस मी, त्या ओसरीवर तोंड उघडू शकलो नाही. तिनंही पुढे कधी विषय काढला नाही. भाजीची वाटी मात्र एक दिवस चुकली नाही.

दोन वर्षं झाली तिला जाऊन. आता बाग अपर्णा बघते. परवा ती कागदाची पुडी घेऊन आली. "दादाजी, मम्मीच्या गावची सेमी है. भंडारावाली. नणंदेकडे पण भेजी, सबको बाँट रही हूँ. एक ही तो निशानी है उनकी."

मी पुडी घेतली. आत तांबूस दाणे.

आज संध्याकाळी मी अपर्णाकडे जाणार आहे. ऐन वेळी तोंडातून भलतंच काही निघू नये म्हणून हे लिहून काढलंय, तेच तिला वाचून दाखवीन. मराठी तिला नीट समजतं. ती मला घराबाहेर काढेल की आणखी काही म्हणेल, ठाऊक नाही. पण या खेपेला ती जे बोलेल ते मी शेवटपर्यंत ऐकून घेईन.