अत्तररावांचा शर्ट

घरात त्याला सगळे अत्तरराव म्हणत. साबणाला सुगंध देणारी रसायनं बनवणाऱ्या कंपनीचं गोदाम तो सांभाळायचा. संध्याकाळी तो दिसायच्या आधी त्याचा वास दारातून आत यायचा. बायकोने कितीही धुतला तरी शर्ट आपला गुण सोडायचा नाही.

या वासाचं नातं शेअर बाजाराशी जोडलं मेहुण्याने, बायकोच्या भावाने. "वास दणदणीत म्हणजे माल दणदणीत जातोय," हे त्याचं शास्त्र. दोन-तीनदा ते खरंही ठरलं. वास वाढला, कंपनीचा नफा वाढला, शेअर चढला. झालं! टीव्हीवरचे तज्ज्ञ गेले उडत. सगळं सासर-माहेर शर्ट हुंगून शेअर घेऊ लागलं. अत्तररावांनाही तेव्हा गंमत वाटायची.

यंदा वास असा सुटला की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाने माल परत पाठवला होता, आणि परत आलेलं प्रत्येक पिंप उघडून नमुना काढायचं काम त्याच्याकडे होतं. गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. तिमाहीचा निकाल काय लागणार, हे त्याला पिंपांकडे बघूनच कळत होतं. पण निकाल जाहीर होईपर्यंत आतल्या माणसाने शेअर विकायचा नाही आणि आतलं बाहेर बोलायचं नाही, असा नियम होता. त्याखाली त्याची सही होती. बोलला तर नोकरी जाणार, वर खटला. त्याचे स्वतःचे शेअर्सही तसेच अडकून पडले होते. नुसता तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

अशात थोरली बहीण आली. डोळे साथ देईनात म्हणून ताईने शिवणाचं दुकान विकलं होतं. म्हातारपणासाठी तिच्यापाशी तेवढेच पैसे होते. दारातच तिने नाक वर केलं आणि हसली.

"काय घमघमाट आहे रे! दुकानाचे सगळे पैसे तुझ्याच कंपनीत टाकते बघ."

"ताई, थोडी थांब ना."

"का?"

त्याने आत पाहिलं. बायको मुलीचा अभ्यास घेत होती. "उगीच आपलं. सगळे पैसे एकाच ठिकाणी कशाला?"

"लहानपणापासून भित्राच तू. झोपाळ्यावर बसायलासुद्धा माझा हात धरायचास," असं म्हणून ताई गेली, आणि तिने शेअर घेतले.

निकाल लागला. नफा राहिला बाजूला, तोटाच निघाला. शेअर असा कोसळला की विकायला झुंबड आणि घ्यायला कुत्रं नाही. आता तो विकायला मोकळा होता, बोलायलाही मोकळा होता. काय उपयोग?

तो ताईकडे गेला. सांगून टाकायचंच, असं ठरवून त्याने जिना चढता चढता वाक्य जुळवलं. ताई खिडकीशी जुन्या मशीनपुढे बसली होती. बाजूला कुणाचं तरी कापड कापून ठेवलेलं. सुई उजेडाला धरून ती दोरा ओवायला बघत होती, आणि दोरा दरवेळी बाजूने जात होता.

"ताई, मला तुला…"

"अरे, तू कशाला तोंड पाडून बसतोस? तुझा मेहुणा म्हणत होता, याला आधीच ठाऊक असणार. असा झापला त्याला! म्हटलं, माझ्या भावाला ठाऊक असतं तर त्याने मला सांगितलंच असतं." तिने सुई पुढे केली. "घे, एवढी ओवून दे."

त्याने सुई घेतली. दोरा ओवला, गाठ मारली आणि मान खाली घालूनच सुई तिच्या हातात दिली.

"आणखी एक दे," तो म्हणाला.