हातोड्याला कुलूप

दिल्लीजवळ मानेसरला काकांच्या गॅरेजमध्ये पाने, जॅक, स्क्रू ड्रायव्हर सगळं उघड्यावर पडलेलं असे. कोणीही उचलून न्यावं. कुलपात असे तो फक्त हातोडा. पत्र्याची लहान पेटी, तिला पितळी कुलूप, आणि किल्ली काकांच्या शर्टाच्या आतल्या खिशात. मला पहिल्याच दिवशी संशय आला. ज्याला महागडा जॅक जाण्याची भीती नाही पण हातोड्याची आहे, त्या माणसात काहीतरी गोम असणार. मी विचारलंच. ते म्हणाले, "बाकीची हत्यारं चूक करायच्या आधी विचार करायला वेळ देतात. हा देत नाही."

मुनिरक्यात तिघांत एक खोली घेऊन मी दिल्लीत सुरुवात केली. पुढे जे मिळवलं ते भाव पाडून, भांडून मिळवलं. या शहरात मला सर्वांत महाग पडली ती आपली माणसं. "अरे, तुम्ही मराठी?" म्हणत जवळ आलेल्या एकाबरोबर भागीदारी केली आणि वर्षभरात आमचा एकुलता एक छोटा पिकअप ट्रक कोणाचा, यावर तंटा लागला. तो मिटेपर्यंत ट्रक अख्खा पावसाळा एका अंगणात उभा राहिला. माझ्या ताब्यात आला तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकच्या डिस्क गंजून, चाक ज्यावर बसतं त्या हबला घट्ट चिकटल्या होत्या. दुसरीकडे एका कारखान्यात खोकी पोचवण्याचं काम नुकतंच मिळालं होतं. पहिली खेप सोमवारी. ती चुकली की काम दुसऱ्याला जाणार, आणि तो दुसरा कोण हे मला चांगलं माहीत होतं.

अशा वेळी ट्रक काकांकडे नेला आणि त्यांनी मराठीत "ये, बस" म्हटलं, तेव्हा मी खुश होण्याऐवजी खिसा चाचपला.

काका दिल्लीतल्या हिंदूराव मोहल्ल्याच्या बाजूला वाढलेले, तिसऱ्या पिढीचे दिल्लीकर. सरकारी गाड्यांच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर मुलगी-जावयाबरोबर मानेसरला आले आणि घरी बसवेना म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज काढून बसले. त्यांच्या मराठीत निम्मं हिंदी असे, आणि दोन्ही ते सारख्याच संथपणे बोलत. डिस्कवर त्यांनी तेल सोडलं, हबच्या कडेने बोट फिरवलं आणि हात पुसले.

"आता?" मी विचारलं.

"आता चहा. मग घरी जा. परसों ये."

"परवा शनिवार. उद्या संध्याकाळी द्या."

"उद्या नाही होणार."

"उद्या रात्री."

"अरे यार, माझ्याशी काय भाव करतोस? गंजाशी कर. तो मानला तर मला सांग."

मी घासाघीस करणारा माणूस. समोरचा जागचा हललाच नाही तर मला करमत नाही. दोन दिवस तेल लावून ठेवणं म्हणजे सुटे भाग बदलायला मोकळीक, असं मी गृहीत धरलं. घरून बायकोची निळी नेलपॉलिश घेऊन संध्याकाळी परत आलो आणि काका चहा सांगायला गेले तेवढ्यात हबवर, ब्रेकच्या कॅलिपरवर, जिथे हात पोचेल तिथे ठिपके दिले. जुना माल काढून दुसऱ्याचा घातला तर लगेच कळावं. शनिवारी गेलो तर ठिपके जागच्या जागी होते. काका मान वर न करता म्हणाले, "रंग चांगला आहे. सूनबाईंना विचारून आणलास ना? नाहीतर तुझा ब्रेक ठीक होईल आणि घरी गाडी थांबेल."

डाव्या चाकाची डिस्क त्यांनी माझ्यासमोर काढली. डिस्कमध्येच आटे पाडलेली दोन भोकं असतात; त्यांत बोल्ट आवळला की तो हबला टेकून डिस्क बाहेर ढकलतो. त्यांत दोन बोल्ट घालून ते आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळत गेले. मध्येच थांबायचे, तेल सोडायचे, कान देऊन ऐकायचे. शेवटी टक्‌ असा आवाज झाला आणि डिस्क त्यांच्या हातात आली. उजवी मात्र अडून बसली. दुपारी ते जेवायला घरी निघाले. जाताना म्हणाले, "हिला अजून थोडं भिजू दे. हात लावू नकोस."

मला वाटलं, हा आता रविवार खाणार आणि सोमवारी हबसकट सगळं नवीन घालावं लागेल म्हणणार. पेटीला कुलूप होतं, पण माझ्या ट्रकात सीटखाली माझा स्वतःचा घण होता. सहा-सात घाव घातले. डिस्क सुटली. इतका आनंद मला भागीदाराकडून ट्रक परत मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

काका आले. सुटलेल्या डिस्ककडे त्यांनी पाहिलं नाही. हब हाताने सावकाश फिरवला, स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याला टेकवून मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकला, पुन्हा फिरवला.

"कोणी ठोकलं का हिला?"

"नाही. आपोआप सुटली."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "अच्छा. हबमधलं बेअरिंग बदलावं लागेल."

झालं. मला हवा असलेला पुरावा मिळाला. बेअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. मी खूप बोललो. मराठी माणसानेच मराठी माणसाला कापायचं, असंही बोललो. काकांनी नव्या डिस्क बसवून दिल्या. मी ट्रक घेऊन निघालो तेव्हा म्हणाले, "भरलेली गाडी जोरात नेऊ नकोस." सोमवारची खेप वेळेवर पोचली आणि काका लबाड होते हे माझ्यापुरतं सिद्ध झालं.

तीन आठवड्यांनी हायवेवर उजव्या चाकातून घुरघुर सुरू झाली. दुसऱ्या मिस्त्रीने बेअरिंग काढून माझ्या तळहातावर ठेवलं. आतल्या कडीवर खळगे पडले होते. "किसी ने ठोका है," तो म्हणाला. मी म्हणालो, "पहलेवाले मिस्त्री ने." ते वाक्य तोंडातून सहज गेलं.

काकांच्या शेडवरून मी रोज जात होतो, थांबत नव्हतो. शेवटी एकदा थांबलो तेव्हा गॅरेजच्या जागी मोमोवाला होता. जावयाची बदली झाली, काका सगळ्यांबरोबर इंदूरला गेले, असं शेजारच्या टायरवाल्याने सांगितलं. मग त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "पिकअपवाले मराठी आप ही हो ना? चाचा जाने तक पूछते रहे, वो आया क्या. बोले थे, आए तो कहना दायाँ बेअरिंग बदलवा ले, मुझसे नहीं तो किसी और से सही."

माझा काकांवर राग आहे तो याचा. त्यांना तेव्हाच सगळं कळलं होतं, तर तोंडावर सांगायचं होतं. मी भांडलो असतो, पण ऐकलं असतं. निदान आणखी एकदा विचारायचं होतं. किती वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की, त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी खरं बोललो असतो.

बोललो नसतो. आणि ते ओळखूनच त्यांनी मला दुसऱ्यांदा खोटं बोलायला लावलं नाही.