वानखेडेंची उजवी पापणी

“शरीरात कुठे लोखंड आहे का?” मी विचारलं.

“मॅडम, आम्ही लोखंडातच राहतो ना जी,” वानखेडे म्हणाले. डाव्या हाताने त्यांनी स्वतःचा उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. भाजीची पिशवी ठेवावी तसा.

मी सोनागिरीतल्या एका स्कॅन सेंटरमध्ये रेडिओलॉजिस्ट आहे. आमचे निम्मे पेशंट शेजारच्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमधून येतात. वानखेडे तिथे लेथ मशीनवर टर्नर, मूळचे अमरावतीकडचे. महिन्याभरापूर्वी मोटारसायकल घसरून ते उजव्या खांद्यावर आपटले. हाड मोडलं नाही, पण हात लोंबू लागला. एका डॉक्टरांनी खांद्याचा एम.आर.आय. लिहून दिला आणि सांगितलं, सहा महिने वाट पाहा, नसा आपोआप सुधारतात. सोबत आलेल्या सुनीतावहिनींचा, त्यांच्या बायकोचा, एकच प्रश्न होता: हात परत येणार की नाही?

एम.आर.आय.चं मशीन म्हणजे माणूस आत झोपेल एवढं चुंबक. म्हणून लोखंडाची चौकशी. कारखान्यातल्या लोकांना मी एक प्रश्न जास्तीचा विचारते.

“डोळ्यात कधी कण गेला होता?”

“तो तर नेहमीचाच. शेजारच्या मशीनवरचा छोट्या मॅग्नेटने काढून देते. आमच्या वर्कशॉपमधला डोळ्याचा डॉक्टर तोच.”

“एखादा राहिला असेल तर माझं मॅग्नेटही काढायला जाईल. आणि ते छोटं नाही.”

मी डोळ्यांचा एक्स-रे काढून घेतला. कण नव्हता. तरी खात्रीसाठी टॉर्च घेऊन डोळ्यांत पाहिलं, आणि थांबले. उजवी पापणी डावीपेक्षा खाली होती. उजवी बाहुलीही लहान होती.

“काऊन जी, दिसला का कण?”

“कण नाही. ही पापणी अशी कधीपासून?”

“झोप होत नाही ना, त्यानं.”

“एकाच डोळ्याची झोप होत नाही का हो?” वहिनी म्हणाल्या.

हाताच्या नसा मानेत, मज्जारज्जूतून निघतात. पाच मुळं असतात. त्यांचा पुढे गुंता होतो आणि मग त्या हातात उतरतात. पापणी आणि बाहुली सांभाळणारे धागे सगळ्यात खालच्या मुळाच्या वाटेने बाहेर पडतात. ते मूळ मज्जारज्जूपासून उपटलं गेलं, तर हाताबरोबर पापणीही उतरते. उपटलेलं मूळ वाट पाहून परत रुजत नाही. तोवर स्नायू मात्र वाळत जातात, आणि एका मर्यादेनंतर सर्जनही हात टेकतो.

खांद्याऐवजी मानेचा एम.आर.आय. करू द्या, असं सांगायला मी आमच्या सेंटरचे प्रमुख सक्सेना सरांकडे गेले.

“शोल्डर लिखा है, शोल्डर करो,” सर म्हणाले.

“शोल्डर तो साफ आएगा, सर. और आदमी छह महीने उसी के भरोसे बैठा रहेगा. चोट गर्दन में है.”

“बाहर कमरदर्द वालों की लाइन लगी है. गर्दन में दुगना टाइम जाएगा.”

“कमर कल भी दुखेगी, सर. ये हाथ सूख जाएगा.”

“तुम डॉक्टर हो या यूनियन लीडर?”

“जो आप समझें. शोल्डर की रिपोर्ट पर मैं साइन नहीं करूँगी.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “उनके डॉक्टर से पूछो. वो हाँ कहे तो करो.”

मी फोन लावला. पापणी आणि बाहुलीचं सांगितलं. मग ते डॉक्टर म्हणाले, “पापणी मी पाहिलीच नाही. मानेचा करा.” एवढं सरळ बोलणारा माणूस असेल तर माझी निम्मी भांडणं वाचतील.

आता वानखेडेंना आत झोपवायचं होतं. “बोलायचं नाही. गिळायचंसुद्धा शक्यतो नाही. मान हलली की फोटो बिघडतो.”

“हे गप्प बसले तर मी टाउनशिपभर पेढे वाटीन,” वहिनी म्हणाल्या.

पहिला फोटो धुरकट आला. मी माईकवर विचारलं, “वानखेडे, बोललात?”

“नाही जी! मशीनचा आवाज आमच्या शॉपसारखाच आहे, तर जरा गुणगुणलो.”

दुसऱ्या वेळी त्यांनी दम धरला. मानेचे पातळ पातळ काप पडद्यावर उमटले. मज्जारज्जूभोवतीचं पाणी पांढरं दिसतं आणि त्यात मुळं काळ्या दोऱ्यांसारखी. डावीकडे पाचही दोरे जागेवर होते. उजवीकडे खालचे दोन नव्हतेच. त्यांच्या जागी पाण्याच्या पांढऱ्या पिशव्या बाहेर फुगल्या होत्या. मूळ उपटलं की मागे हीच खूण राहते. वरची तीन मात्र मज्जारज्जूपाशी घट्ट होती; ती तुटली होती पुढे, हाताकडे जाणाऱ्या वाटेत. वाटेत तुटलेलं जोडता येतं.

मी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. पायातली एक नस घेऊन सर्जन जोड देऊ शकतो. खांदा आणि कोपर मिळण्याची आशा आहे. बोटांचं कठीण आहे.

“कोपर वाकलं तरी चालेल,” वहिनी म्हणाल्या. “सहा महिन्यांनी गेलो असतो तर?”

“तर तेही कठीण होतं.”

“चला हो, उठा. बॅग भरायची आहे.”

ऑपरेशन नागपूरला झालं. नस फार सावकाश वाढते, त्यामुळे वानखेडे पुढच्या वर्षी उगवले ते थेट माझ्या टेबलासमोर. त्यांनी उजवं कोपर वाकवलं. हात थरथरत छातीपर्यंत आला. बोटं अजून ढिलीच आहेत. लेथ सुटली, आता ते तपासणी विभागात बसतात आणि दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढतात. हे काम जास्त आवडतं म्हणाले.

सक्सेना सरांनी आता सेंटरमध्ये नियम केला आहे: लोंबता हात आला की आधी चेहरा पाहायचा. परवा ते नव्या डॉक्टरवर ओरडत होते, “पलक देखी? मैं तो हमेशा से कहता आया हूँ!” मी मान डोलावली. बरोबर गोष्ट अमलात आली की ती कोणाच्या नावावर जमा झाली यावरून भांडू नये. पुढच्या भांडणासाठी ताकद राखून ठेवावी.