औषधाचा अंश

आमच्या भावकीत आजही म्हणतात, नातीच्या गोळ्या तिच्या आईच्या हेळसांडीमुळे सुटल्या. हे खोटं आहे. त्या मी बंद केल्या.

नात तिसरीत होती. वहीत अर्धं वाक्य लिहायची आणि उठून पळायची. सून तिला एसटीनं इंदापूरहून बारामतीच्या डॉक्टरांकडे न्यायची. त्यांनी एडीएचडी असं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. दिवाळीपर्यंत पोर धडा शेवटपर्यंत वाचू लागली. माझ्या लेखी काम झालं होतं.

आमची द्राक्षं परदेशी जातात. तोडणीच्या बऱ्याच आधी फवारणी थांबवावी लागते. मण्यात औषधाचा अंश सापडला की माल नाकारतात. हाच हिशेब मी पोरीला लावला. ती वयात यायच्या आत अंश अंगातून निघायला हवा, नाहीतर उद्या सोयरीक कोण करणार?

"आजपास्नं गोळी बंद," मी जेवताना म्हणालो.

"आबा, डॉक्टरास्नी इचारू तरी," सून म्हणाली.

"बाग डॉक्टरनं पिकवली का म्या?"

मुलगा खाली मान घालून भाकरी मोडत राहिला.

शाळेतून तक्रारी सुरू झाल्या. पुन्हा बारामती गाठली, या खेपेला मीही गेलो. डॉक्टर सुनेवर चिडले. "सुधारत होती ना? मग गोळ्या का थांबवल्या?" तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहत बसलो.

"इसरले, सर," ती म्हणाली.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मी पुन्हा खुसपट काढलं: पोर जेवत न्हाय, पोर वाळली. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी सून थकली. नातीनं नववीत शाळा सोडली.

परवा कन्हेरीला वास्तुशांतीच्या पंगतीत चुलतभाऊ सर्वांदेखत बोलला, "आईनं ध्यान दिलं असतं तर पोरगी शिकली असती." सून तिथंच वाढत होती. मी हातातला घास ताटात ठेवला.

"गोळ्या म्या बंद केल्या. तिचा काय बी दोष न्हाय," मी मोठ्यानं म्हणालो.

चुलतभाऊ हसला. "सुनंचा कैवार घ्यावा तर आबानंच! असला सासरा मिळायला नशीब लागतंय."

"व्हय, व्हय," म्हणत सगळ्यांनी माना डोलावल्या.

सुनेनं माझ्या वाटीत आमटी ओतली आणि पुढच्या ताटाकडे गेली.