केवडा पडलेली वाट

आबा गेल्याचं मला इकडे सुरतेत फोनवर कळलं. त्यांचा थोरला बोलत होता, "ताई, आबा गेलं. झोपेतच." मी नुसतं "व्हय" म्हणाले... आणि मनात पहिली आली ती भेंडी. त्याला आता महिना झाला.

माझी शाळा सहावीत सुटली. नवऱ्यामागे परभणीकडून मांडवगण फराट्याला आले, तेव्हा आबांनी त्यांच्या मळ्यातली खोली दिली, काम दिलं. त्यांच्या वाडवडिलांची मेंढरं होती. आबा पीकसुद्धा कळपासारखंच निरखायचे. एकदा त्यांनी केवडा रोग पडलेली भेंडी दाखवली. पानांच्या शिरा हळदीसारख्या पिवळ्या. पान उलटलं तर पांढऱ्या माश्यांचा खच. शेजारच्या हिरव्यागार झाडावर एकदोनच.

"हे झाडच त्यांना हाका मारतंय," आबा हळू बोलले, जणू झाड ऐकत होतं. "जेवू घालतंय, आन् मग धाडतंय चांगल्याच्या घरी."

"आबा, भ्या नका दाखवू."

"आगं, भ्यायचंच. सकाळी माश्या गारठलेल्या असत्यात, तवा आधी वरनं गोणी घालायची. मग उपटायचं."

पुढे एकदा आबा दौंडला दवाखान्यात गेले होते. मी गोणी शोधायचा कंटाळा केला. भर उन्हात दहाबारा झाडं उपटली, कवळ्यात घेऊन सरीतून बांधावर नेली. वारा नव्हता, तरी पीठ उडावं तशा माश्या सरीभर माझ्या मागे येत राहिल्या.

काही दिवसांनी तेवढ्याच सरीच्या दोन्ही बाजू पिवळ्या पडल्या. हिरव्या रानात माझी वाट उमटली होती. आबा बांधावरून ती बघत राहिले. काम जाईल, खोली जाईल, या धास्तीनं मीच म्हणाले, "औंदा केवडा लईच हाय, आबा."

"व्हय. चालत आल्यावानी दिसतोय."

बस्स. पुढच्या हंगामात त्यांनी घडी केलेली गोणी माझ्या हातात दिली. "हे काम आता तुझं. तुझ्याइतकं कुणाला कळायचं न्हाई." मान वर करून बघायचं धाडस झालं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं तिथं राहिले, खाल्लं, लेकरं वाढवली. सांगायचं तेवढं राहिलं.

ती गोणी मी सुरतेला आणलीय. गॅलरीत डब्यात एक भेंडी लावलीय. परवा तिच्या शिरा पिवळ्या झाल्या. तिसरा मजला, आसपास कुठं रान नाही... तरी पानाखाली माश्या दाटलेल्या.

आज ऊन चढायच्या आत उठले. आधी गोणी घातली. मग गोणीला तोंड लावून म्हणाले, "आबा, ती वाट माझी होती." आत काहीतरी हलकंच फडफडलं. ते थांबेपर्यंत थांबले, आणि मगच झाड उपटलं.